खिशातील छायाचित्रे आणि त्यांची दुसरी प्रत

वैद्यकाच्या इतिहासात एका चित्राला असाधारण स्थान आहे. कवासजी नावाचा एक गाडीवान इंग्रजी फौजेच्या चाकरीत असताना टिपू सुलतानाच्या सैनिकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्यानजीक विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागीर-वैद्याने कपाळावरील त्वचा वळवून त्यास नवे नाक बसविले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यचिकित्सकांनी, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले यांनी, ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कवासजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये या शस्त्रक्रियेचा वृत्तांत सचित्र प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने या पद्धतीचा अभ्यास केला, १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य जगातील आधुनिक सुघटन शल्यशास्त्राचा प्रवास येथून सुरू झाला असे मानतात.

शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नावही आज आपणांस ठाऊक नाही. त्याची विद्या मात्र टिकली, कारण ती चित्रबद्ध झाली आणि त्या चित्राच्या अनेक प्रती निघाल्या. मूळ चित्र एकाच घरी, एकाच पेटीत राहिले असते, तर वाळवीने अथवा आगीने त्याचे काय केले असते हे सांगावयास नको.

आज आपणांपैकी प्रत्येकाच्या खिशात चित्रकारही आहे आणि पेटीही आहे. मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम दर आठवड्यास कशी भरत गेली, त्वचेवरील चट्टा औषधाने कसा मावळला, अस्थिभंगाची क्ष-किरण प्रतिमा प्रकाशपेटीवर कशी दिसली, हे सारे आपण भ्रमणध्वनीवर टिपून ठेवतो. त्याच फोनमध्ये मुलीच्या विवाहाची, नातवाच्या बारशाची आणि आता आपल्यात नसलेल्या आईवडिलांची छायाचित्रेही असतात. हा सारा ठेवा बहुधा एकाच प्रतीत, एकाच यंत्रात आणि एकाच खिशात असतो. तो संगणकावर सुरक्षितपणे कसा उतरवावा, याचा पद्धतशीर विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. संगणकाचे विशेष ज्ञान गृहीत धरलेले नाही. रुग्णाची तपासणी आपण ज्या क्रमाने करतो, त्याच क्रमाने, म्हणजे आधी प्रकृती, मग निदान आणि नंतर उपचार, असा विषय मांडला आहे.

१. प्रकृती : छायाचित्र नेमके कोठे असते?

फोनने काढलेले छायाचित्र म्हणजे एक फाईल. बारा मेगापिक्सेलचे साधे छायाचित्र जेपेग स्वरूपात सुमारे ३ ते ५ मेगाबाइट जागा घेते. दिवसाला दहा छायाचित्रे धरली तर रोज ४० मेगाबाइट, म्हणजे वर्षाला जवळजवळ १५ गिगाबाइट होतात. चलच्चित्रांचा हिशेब याहून निराळा आहे. उच्च प्रतीच्या फोर-के चित्रणाचा एकच मिनिट शंभर मेगाबाइटच्या पुढे सहज जातो.

फायलीत चित्राबरोबर त्याची जन्मपत्रिकाही असते. तिला एक्झिफ म्हणतात. चित्र कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या फोनने काढले आणि स्थाननोंद चालू असल्यास कोणत्या जागी काढले, हे तीत नमूद असते. वैद्यकीय छायाचित्रात ही नोंद चित्राइतकीच मोलाची होय. तारीख नसलेले जखमेचे छायाचित्र म्हणजे तारीख नसलेला रक्ततपासणीचा अहवाल.

फोन बिघडल्यास दुरुस्तीच्या दुकानातून छायाचित्रे काढून घेता येतील, असा अनेकांचा समज असतो. आजचे आयफोन आणि अँड्रॉइड फोन आतील साठा सांकेतिक स्वरूपात ठेवतात. त्याची किल्ली त्याच फोनच्या अंतर्भागाशी आणि आपल्या परवलीच्या अंकांशी निगडित असते. मुख्य मंडल जळाले, तर साठवणुकीची चिप शाबूत असूनही तिच्यातील मजकूर वाचता येत नाही. चोरापासून आपले रक्षण करणारी ही योजना बिघाडाच्या वेळी आपल्यावरच उलटते. म्हणून फोन धडधाकट आहे तोवरच दुसरी प्रत काढणे अगत्याचे आहे.

२. निदान : जुळवणी म्हणजे जतन नव्हे

आपल्यापैकी अनेकांचे म्हणणे असे, की आमची छायाचित्रे गूगल फोटोजवर अथवा आयक्लाउडवर आपोआप जातात, मग चिंता कसली? येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा भेद आहे. या सेवा मुख्यतः जुळवणी करतात. एका ठिकाणी जे घडते त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या ठिकाणी उमटते. आयक्लाउड छायाचित्रे चालू असताना आयफोनवरील चित्र पुसले, तर ते आयक्लाउडवरूनही पुसले जाते आणि त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रावरूनही जाते. 'नुकतेच पुसलेले' या कप्प्यात ते साधारण ३० दिवस राहते, नंतर नाही. गूगल फोटोजच्या उपयोजनातून पुसलेले, आधी प्रत गेलेले चित्र कचरापेटीत ६० दिवस राहते, त्यानंतर तेही नाही. चूक साठ दिवसांत लक्षात आली तर ठीक. अन्यथा जुळवणीने ती चूक इमानेइतबारे सर्वत्र पोहोचविलेली असते.

दुसरी बाब जागेची. गूगल फोटोजवरील विनामूल्य अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता विनामूल्य मिळणारी १५ गिगाबाइट जागा ईमेल, कागदपत्रे आणि छायाचित्रे या तिघांत वाटली जाते. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे ती वर्षभरातच संपावी. आयक्लाउडवर विनामूल्य जागा केवळ ५ गिगाबाइट आहे. जागा संपली की नवी छायाचित्रे वर जाणे थांबते. फोन तशी सूचना देतो, पण बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत ती कोण वाचतो?

तिसरी बाब 'जागा मोकळी करा' या सोयीची. हे बटण दाबले की मेघसाठ्यावर पोहोचलेली छायाचित्रे फोनवरून काढली जातात. प्रती दोन होत्या, एक राहिली. आयफोनमधील 'साठवण अनुकूल करा' ही योजनाही अशीच आहे. जागा अपुरी पडू लागली की फोनवर लहान प्रतिमा राहतात आणि पूर्ण आकाराची मूळ चित्रे केवळ आयक्लाउडवर असतात.

तात्पर्य, मेघसाठा हा उत्तम साहाय्यक आहे. तो एकमेव आधार होऊ नये.

३. उपचाराचे तत्त्व : तीन, दोन, एक

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी छायाचित्रकारांसाठी एक सुटसुटीत नियम रूढ केला. तो आज संगणकविश्वात सर्वमान्य आहे. कोणत्याही मोलाच्या फायलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत निराळ्या वास्तूत असावी.

आपल्या दृष्टीने याचा व्यवहारातील अर्थ असा : पहिली प्रत संगणकावर, दुसरी बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर आणि तिसरी अन्यत्र. दवाखाना एकीकडे व घर दुसरीकडे असेल तर कौटुंबिक छायाचित्रांची तिसरी प्रत दवाखान्यात आणि व्यावसायिक छायाचित्रांची तिसरी प्रत घरच्या कुलूपबंद कपाटात ठेवता येईल. मेघसाठा हाही तिसऱ्या प्रतीचा एक पर्याय आहे, मात्र रुग्णांच्या छायाचित्रांबाबत त्याचा विचार वेगळा करावा लागतो. तो पुढे येईल. फोनमधील प्रत या हिशेबात धरू नये, कारण ती आज ना उद्या पुसली जाणार.

एक टेराबाइटची डिस्क ४ मेगाबाइटच्या मापाने सुमारे अडीच लाख छायाचित्रे सामावून घेते. बहुतेकांना ती अनेक वर्षे पुरावी.

४. अँड्रॉइड फोनवरून विंडोज संगणकावर

कृती पुढीलप्रमाणे करावी.

(अ) फोनचे कुलूप उघडून तो तारेने संगणकास जोडावा. काही स्वस्त तारा केवळ विद्युतभारणासाठी असतात, त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतात. फोन भारित होतो पण संगणकावर दिसत नाही, असे झाल्यास प्रथम तार बदलून पाहावी.

(आ) जोडल्यावर फोन प्रथम केवळ भारित होऊ लागतो. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढल्यास यूएसबीसंबंधीची सूचना दिसते. तीवर टिचकी मारून 'फाईल ट्रान्सफर' हा पर्याय निवडावा. ही पायरी न केल्याने संगणकावर रिकामा फोन दिसतो आणि अनेकजण येथेच प्रयत्न सोडून देतात.

(इ) संगणकाच्या फाईल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी' उघडल्यास फोनचे नाव दिसेल. त्यातील अंतर्गत साठ्यात 'डीसीआयएम' नावाचे फोल्डर असते आणि त्याच्या पोटात 'कॅमेरा'. आपण काढलेली छायाचित्रे येथे असतात. पडद्याची टिपणे, इतरांकडून आलेली चित्रे आणि उतरवून घेतलेल्या फायली 'पिक्चर्स', 'डाऊनलोड' अशा इतर फोल्डरांत असू शकतात. तीही पाहावीत.

(ई) संगणकावर आधीच नवे फोल्डर करून त्यात 'कॉपी' व 'पेस्ट' करावे. 'कट' कदापि करू नये. तार मध्येच हलली अथवा वीज गेली, तर 'कट' केलेली फाईल अर्धवट अवस्थेत नष्ट होण्याचा संभव असतो. 'कॉपी'मध्ये मूळ फाईल जागेवर राहते.

(उ) हजारो फायली एकदम न ओढता पाचशे-सातशेच्या गटाने घ्याव्यात. फोन व संगणक यांच्यातील हा संवाद मंद असतो आणि मोठ्या ओझ्याखाली अडखळतो. त्या वेळी फोनचे अन्य काम करू नये.

व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे सध्याच्या फोनमध्ये निराळ्या जागी असतात. अंतर्गत साठ्यातील 'अँड्रॉइड' फोल्डरात 'मीडिया', त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचे फोल्डर आणि त्याच्या आत पुन्हा 'मीडिया' असा तो मार्ग आहे. खानापूर, चंदगड अथवा गोव्याकडून रुग्ण पाठविण्यापूर्वी तेथील व्यवसायबंधू जे छायाचित्र धाडतात, ते येथे सापडते. मात्र लक्षात ठेवावे, की व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र आकुंचित होते आणि त्याची एक्झिफ नोंदही गळून पडते. क्ष-किरण प्रतिमेतील केसासारखी अस्थिभंगाची रेषा अशा आकुंचनात पुसट होऊ शकते. मूळ फाईलच हवी असल्यास ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगावे. म्हणजे ती जशीच्या तशी येते.

५. आयफोनवरून संगणकावर

विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'ॲपल डिव्हायसेस' हे उपयोजन आधी बसवून घ्यावे. फोनचे कुलूप उघडून तो जोडल्यावर पडद्यावर 'या संगणकावर विश्वास ठेवावा काय' अशा अर्थाचा प्रश्न येतो, त्यास होकार द्यावा. नंतर विंडोजमधील 'फोटोज' उघडून 'इम्पोर्ट' हा पर्याय घ्यावा. मॅक संगणकावर 'फोटोज' अथवा 'इमेज कॅप्चर' यांपैकी काहीही चालते. फायली साध्या फोल्डरात हव्या असतील तर 'इमेज कॅप्चर' अधिक सोयीचे.

येथे तीन अडचणी हमखास येतात.

पहिली, चित्राच्या स्वरूपाची. २०१७ सालच्या आयओएस ११ या आवृत्तीपासून आयफोन छायाचित्रे हीक या स्वरूपात ठेवू लागला. यात जागा जेपेगच्या जवळजवळ निम्मी लागते, पण अनेक विंडोज संगणकांवर ती आहेत तशी उघडत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील पूरक भाग बसवावे लागतात. संगणकावर नेताना मूळ स्वरूप राखावे की जेपेगमध्ये रूपांतर करावे, हे फोनच्या सेटिंग्जमधील छायाचित्रांच्या पानावर, तळाशी, 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' या शीर्षकाखाली ठरविता येते. जतनासाठी 'कीप ओरिजिनल्स' निवडणे श्रेयस्कर, कारण रूपांतर पुढे केव्हाही करता येते. गमावलेले मूळ परत आणता येत नाही. रूपांतर चालू असताना मोठ्या आयातीत मध्येच खंड पडतो, तो त्रासही यामुळे टळतो.

दुसरी, 'साठवण अनुकूल करा' ही योजना. ती चालू असल्यास पूर्ण आकाराची चित्रे फोनवर नसतात, आणि जे फोनवर नाही ते तारेने येणार कसे? अशा वेळी फोनमध्ये पुरेशी जागा असल्यास 'डाऊनलोड अँड कीप ओरिजिनल्स' निवडून, वायफाय जोडून, सर्व मूळ चित्रे उतरण्याची वाट पाहावी. जागा नसल्यास संगणकावरून आयक्लाउडच्या संकेतस्थळावर जाऊन ती उतरवून घ्यावीत.

तिसरी अडचण समजुतीची. संगणकावर संपूर्ण आयफोनचा 'बॅकअप' घेतला म्हणजे छायाचित्रेही आली, असे वाटते. हा बॅकअप नव्या फोनवर सारे पूर्ववत करण्यासाठी असतो. त्यातील चित्रे फोल्डर उघडून पाहता येत नाहीत. शिवाय आयक्लाउड छायाचित्रे चालू असल्यास ती या बॅकअपमध्ये घेतलीच जात नाहीत. म्हणून छायाचित्रांची प्रत स्वतंत्रपणे काढावी.

गूगल फोटोजवरील जुना संग्रह संगणकावर आणावयाचा असल्यास 'गूगल टेकआऊट' ही सेवा आहे. ती सारी चित्रे गाठोड्यांच्या स्वरूपात देते. त्यात प्रत्येक चित्रासोबत माहितीची एक छोटी फाईल येते. ती निरुपयोगी समजून पुसू नये, त्यात तारखा व वर्णने असतात.

६. नामकरण आणि पडताळणी

उतरवलेल्या फायलींचा ढीग हा संग्रह नव्हे. वर्ष, मग महिना, अशी फोल्डरांची उतरंड पुरेशी असते. नावात तारीख प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहावी. २०२५-०७-१४ असे लिहिल्यास संगणक फायली आपोआप कालक्रमाने लावतो. १४-०७-२०२५ असे लिहिल्यास प्रत्येक महिन्याची चौदा तारीख एकत्र गोळा होते. फायलीवर दिसणारी तारीख पुष्कळदा प्रत काढल्याची असते. चित्र काढल्याची खरी तारीख 'प्रॉपर्टीज'मधील 'डीटेल्स'खाली दिसते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. शस्त्रक्रियेअखेरीस आपण टाके घालण्यापूर्वी उपकरणे व गॉझ मोजतो. परिचारिकेने आकडा जुळल्याचे सांगितल्याखेरीज पोट बंद करीत नाही. तोच नियम येथे लावावा.

प्रथम, फोनवरील फोल्डरातील फायलींची संख्या आणि संगणकावरील संख्या ताडून पाहावी. दुसरे, आकारमान पाहावे. शून्य आकाराची फाईल म्हणजे नुसते रिकामे पाकीट. तिसरे, आरंभीची, मधली व अखेरची अशी दहा-बारा चित्रे प्रत्यक्ष उघडावीत आणि एखादे चलच्चित्र शेवटपर्यंत चालवून पाहावे. चौथे, याच कसोट्या बाहेरील डिस्कवरील प्रतीलाही लावाव्यात. दोन्ही प्रती पारखून झाल्यावरच फोनवरील चित्रे पुसावीत. पुसण्यापूर्वी जुळवणी चालू आहे काय हेही पाहावे, अन्यथा मेघसाठ्यावरील प्रतही त्याबरोबर जाईल.

७. रुग्णाचे छायाचित्र आपले नव्हे

आतापर्यंतचे विवेचन कोणत्याही गृहस्थास लागू आहे. वैद्यकीय व्यवसायिकावर एक अधिक जबाबदारी येते. रुग्णाने आपले शरीर उपचारासाठी आपणांसमोर उघडे केलेले असते, चित्रासाठी नव्हे.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. फोनवर आपोआप जुळवणी चालू आहे. तेच खाते घरच्या टीव्हीवरही उघडलेले आहे. पाहुणे बसले असताना टीव्हीवर सहलीच्या चित्रांपाठोपाठ एका रुग्णेच्या स्तनावरील व्रणाचे छायाचित्र झळकते. कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. गोपनीयतेचा भंग मात्र झाला. म्हणून वैद्यकीय छायाचित्रांसाठी शक्यतो वेगळा फोन, किमान वेगळे खाते असावे आणि त्यावरील आपोआप जुळवणी बंद असावी. अशा चित्रांसाठी तार आणि डिस्क हा जुना मार्गच अधिक सुरक्षित आहे.

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या व्यावसायिक आचरणविषयक २००२ च्या विनियमांत या विषयाशी निगडित तीन गोष्टी आहेत. आंतररुग्णांच्या वैद्यकीय नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन कराव्यात. रुग्णाने अथवा अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्यात. आणि ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र वा वृत्तांत त्याच्या अनुमतीविना प्रसिद्ध करू नये. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२३ साली आणलेले नवे विनियम त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित झाले आणि आधीचेच विनियम लागू करण्यात आले. छायाचित्र उपचाराच्या नोंदीचा भाग असेल, तर ते फोनमध्ये हरवून जाणे म्हणजे नोंदच हरवणे होय.

यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाची भर पडली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद आहे. संमती, ठरावीक हेतूपुरताच वापर आणि वाजवी सुरक्षाव्यवस्था ही त्याची मूलतत्त्वे आहेत.

व्यवहारात पुढील पथ्ये पाळावीत. छायाचित्रापूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि ती त्याला कळणाऱ्या भाषेत असावी. आपल्या बेळगाव परिसरात एकाच दिवशी मराठी, कन्नड, कोकणी व उर्दू बोलणारे रुग्ण येतात, तेव्हा एकाच भाषेतील छापील कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. चित्रात आवश्यक तेवढाच भाग घ्यावा, चेहरा टाळावा, मोजपट्टी व नोंदवहीतील क्रमांक ठेवावा. फायलीच्या नावात रुग्णाचे नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. वैद्यकीय छायाचित्रे कौटुंबिक छायाचित्रांपासून संपूर्ण निराळ्या फोल्डरात आणि निराळ्या डिस्कवर ठेवावीत. ती डिस्क सांकेतिक कुलपाने बंद करावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीत 'बिटलॉकर' आहे, मॅकवर तशी सोय अंगभूत आहे आणि 'व्हेराक्रिप्ट' हे विनामूल्य साधनही उपलब्ध आहे. मात्र परवलीचा शब्द विसरल्यास डिस्क कायमची बंद होते. तो कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये अथवा तिजोरीत ठेवावा, डिस्कवर चिकटवू नये. संगणक दुरुस्तीस देताना अथवा जुना फोन विकताना त्यातील रुग्णांची चित्रे आधी उतरवून नंतर समूळ पुसावीत.

८. डिस्कचे आरोग्य

डिस्कलाही वार्धक्य येते. फिरत्या तबकडीच्या डिस्कला धक्का मानवत नाही. काम चालू असताना ती हलवू नये आणि 'सेफली रिमूव्ह' केल्याविना उपटू नये. तबकडीविरहित एसएसडी प्रकारच्या डिस्कला धक्क्याचे भय कमी, पण तीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार क्षीण होऊ शकतो. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी ठीक, दीर्घ जतनासाठी नव्हे. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने यंत्रांस अपाय होतो. डिस्क सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. कोणतीही डिस्क पाच-सहा वर्षांनी, ती चालू असतानाच, नवीवर उतरवून घ्यावी. विंडोज व मॅक दोन्हींवर चालावी अशी इच्छा असल्यास ती 'एक्सफॅट' पद्धतीने सिद्ध करावी. जुन्या 'फॅट ३२' पद्धतीत ४ गिगाबाइटहून मोठी फाईल मावत नाही.

दुसरा धोका संगणकीय खंडणीखोरांचा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या घातक आज्ञावलीने ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज ठप्प केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर असाच हल्ला झाला आणि काही काळ नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे हातानेच करावी लागली. अशा आज्ञावली संगणकास जोडलेली प्रत्येक डिस्कही कुलूपबंद करतात. सदैव जोडून ठेवलेली डिस्क म्हणूनच खरी दुसरी प्रत नव्हे. प्रत काढावी, पडताळावी, डिस्क काढून कपाटात ठेवावी. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. दवाखान्यातील संगणक अद्यापि त्यावरच चालत असेल, तर त्याचाही विचार करावा.

९. वेळापत्रक

उत्तम औषधही नियमाने घेतले तरच गुण देते. कौटुंबिक छायाचित्रांसाठी महिन्याचा पहिला रविवार आणि वैद्यकीय छायाचित्रांसाठी आठवड्याचा एक ठरलेला दिवस नेमावा. सहल, विवाह अथवा महत्त्वाची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याच दिवशी प्रत काढावी. वर्षातून एकदा, ३१ मार्च रोजी, परतीची चाचणी घ्यावी. हा दिवस अनेक देशांत प्रत-जतनाचा दिवस म्हणून पाळला जातो आणि आपल्या हिशेबी वर्षाचाही तो अखेरचा दिवस असल्याने लक्षात राहतो. कपाटातील डिस्क काढून निराळ्या संगणकास जोडावी आणि तीन वर्षांपूर्वीचे एखादे चित्र शोधून उघडून पाहावे. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबणे म्हणजे मुदत न पाहता आपत्कालीन पेटीतील औषध टोचणे होय.

हे काम सहायकावर सोपवावयाचे असल्यास कौटुंबिक चित्रांचे खुशाल सोपवावे. रुग्णांच्या चित्रांची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी. आणखी एक गोष्ट घरातील एका विश्वासू व्यक्तीस अवश्य सांगून ठेवावी : डिस्क कोठे आहेत आणि परवलीचा शब्द कोठे लिहिलेला आहे. व्यवसायाने आपण मृत्यूच्या सान्निध्यात वावरतो, तरी आपल्या पश्चात आपली कपाटे कोण उघडील याचा विचार क्वचितच करतो. कुलूपबंद फोन आणि कुलूपबंद डिस्क यांच्यामुळे पतिपत्नींची चाळीस वर्षांची चित्रे मागे राहणाऱ्यास पाहता येऊ नयेत, हे कोणासही रुचणार नाही.

एका रविवारची दोन तासांची सवड, एक चांगली तार आणि दोन डिस्क एवढीच या कार्याची सामग्री आहे. ही स्मरणिका वाचून बाजूला ठेवण्यापूर्वी आपल्या फोनमधील छायाचित्रांची संख्या एकदा पाहावी, आणि त्यांपैकी किती चित्रांची दुसरी प्रत अस्तित्वात आहे हे स्वतःस विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर येत्या रविवारी आरंभ करावा, एवढीच व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती.